धोत्र्याचा धूर, तंबाखूचं धुकं

गावाबाहेरच्या उकिरड्यावर, रेल्वेच्या रुळांकडेला, पडक्या वाड्याच्या जोत्यापाशी धोत्रा उगवतो. त्याला कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. कर्ण्यासारखं लांबट फूल, बोराएवढं नाहीतर लिंबाएवढं काटेरी फळ. महाशिवरात्रीला तो शंकराला वाहायचा आणि एरवी लेकरांना त्याच्यापासून लांब ठेवायचं, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. पण दम्याच्या औषधांचा इतिहास वाचायला घेतला की पहिल्या काही पानांतच हा धोत्रा समोर येतो. आणि तो एकदा भेटला की 'दमा आहे, सिगारेट सुटत नाही, मग व्हेप ओढली तर चालेल का?' या आजच्या प्रश्नाकडे मी पूर्वीसारखं बघू शकत नाही.

गोष्ट मद्रासेतली. तिथले दमेकरी धोत्र्याची मुळं आणि देठ वाळवून, कुटून चिलमीत भरून ओढत. धाप लागली की चार झुरके घ्यायचे. छाती मोकळी व्हायची. जनरल जेंट नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने हे पाहिलं आणि १८०२ साली ही वनस्पती स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली. तिथून पुढे शंभराहून जास्त वर्षं युरोप-अमेरिकेतले औषधविक्रेते 'दम्याच्या सिगारेटी' उघडपणे विकत होते. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त लहानपणापासून दम्याने बेजार होता. तोही अशा सिगारेटी ओढी, पूड जाळून तिची धुरी घेई.

दम्यावर औषध म्हणून धूर! वाचताना अंगावर काटा येतो. तरीही त्याचा उपयोग व्हायचा, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. आपल्या श्वासनलिकांभोवती स्नायूंचे कडे असतात. व्हेगस नावाची एक चेता मेंदूकडून खाली येते आणि ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या थेंबाने त्या स्नायूंना निरोप देते: आवळा. धोत्र्यात ॲट्रोपिन असतं. ते नेमकं त्या निरोपाच्या जागेवर जाऊन बसतं. निरोप येतो, पण घेणारा जागेवर नसतो. स्नायू सैल पडतात, नळी उघडते. म्हणजे औषध अस्सल होतं, पण ज्या गाडीत बसून ते छातीत उतरत होतं ती गाडी मात्र विषारी होती.

पुढची दीडशे वर्षं दम्याच्या उपचारांनी जे केलं ते एका वाक्यात सांगता येईल: गाडी बदलली. १९५५ साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेझन यांना त्यांच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं की माझं औषध केसांवरच्या फवाऱ्यासारखं डब्यातून का नाही येत? तोवर ती काचेचा नाजूक फवारा हाताने दाबून औषध घेत असे. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. आज आपल्या घरोघरी 'पंप' म्हणतात तो हाच. आणि धोत्र्याच्या ॲट्रोपिनमध्ये थोडा फेरफार करून रसायनशास्त्रज्ञांनी इप्राट्रोपियम बनवलं. रात्री-बेरात्री दवाखान्यात 'वाफ' देताना नेब्युलायझरच्या वाटीत ड्युओलिनची कुपी फोडतात ना, तिच्यात हे इप्राट्रोपियम असतं. उकिरड्यावरच्या धोत्र्याचा हा नातू. आग गेली, धूर गेला, नातू तेवढा राहिला.

आता तंबाखूकडे येऊ, कारण तिथेही हीच गोष्ट दुसऱ्यांदा घडली. फरक एवढाच की या गाडीत बसलेला प्रवासी औषध नव्हता.

सिगारेटचं व्यसन लावतं निकोटिन. जीव घेतो तो मुख्यतः धूर. लंडनमधले मनोविकारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी हा भेद १९७६ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात स्वच्छ शब्दांत मांडला आणि सगळ्या तंबाखू-संशोधनाला एक वळण लावलं. पेटत्या सिगारेटच्या टोकाशी झुरक्यागणिक तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. एवढ्या उष्णतेत पानातली प्रत्येक गोष्ट मोडते, तुटते, नव्याने जुळते आणि ७,००० हून अधिक रसायनं तयार होतात. त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक. कार्बन मोनॉक्साइड, ॲक्रोलिन, डांबर ही सगळी आगीची पिलावळ. शेतातल्या हिरव्या पानात ती या रूपात नव्हती.

मग आग काढून टाकली तर? पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ साली बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. कुणी उत्पादक पुढे आला नाही. चाळीस वर्षांनी, २००३ मध्ये, चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी चालेल असं यंत्र बनवलं. त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले आणि ते स्वतः अट्टल धूम्रपान करणारे. आज ज्याला व्हेप म्हणतात ती या यंत्राची पुढची पिढी.

इथे एक शब्द नीट करून घ्यायला हवा. व्हेपमधून निघतं त्याला आपण सहज 'वाफ' म्हणतो, आणि मराठी माणसाच्या मनात वाफ म्हटलं की आजीने पातेल्यावर चादर ओढून दिलेला वाफारा येतो: ओवा, निलगिरी, मोकळं झालेलं नाक. व्हेपची वाफ तशी नव्हे. त्यात पाणी नावापुरतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या दोन गोडसर, चिकट द्रवांत निकोटिन आणि सुवास मिसळलेले असतात. तापलेल्या तारेवरून तो द्रव उडतो आणि लगेच थंड होऊन अतिसूक्ष्म थेंबांचं धुकं बनतं. लग्नाच्या हॉलमध्ये वधू-वर येताना धुकं सोडणाऱ्या काही यंत्रांतही ग्लायकॉलच असतं. कॅनडातल्या व्हँकुव्हर परिसरात रंगमंचामागच्या कामगारांचा अभ्यास झाला तेव्हा अशा धुक्याच्या संगतीत खोकला आणि घशाची कोरड दिसली. यंत्राच्या जवळ काम करणाऱ्यांचं फुप्फुसही थोडं कमी भरत होतं. तेव्हा त्याला धुकं म्हणू. धुरापेक्षा पुष्कळ सौम्य, पण हवा नव्हे.

हे धुकं जिथे उतरतं ती जागा एकदा पाहायलाच हवी.

मुळं वर आणि फांद्या खाली असलेल्या झाडाची कल्पना आपल्याकडे फार जुनी. ते झाड प्रत्येकाच्या छातीत आहे. गळ्यातून उतरणारी मुख्य श्वासनलिका दोन फांद्यांत फुटते, त्या प्रत्येकी दोनांत, त्या पुन्हा दोनांत, आणि असे सुमारे २३ वेळा फाटे फुटल्यावर शेवटी पानांसारखे वायुकोश लागतात. एका माणसात ते सुमारे ४८ कोटी असतात. वरच्या फांद्यांच्या आत पेशींचं अस्तर आहे आणि त्या पेशींवर केस: एकेका पेशीवर दोनशेच्या घरात, सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलणारे. वाऱ्याने गव्हाच्या शेतावर लाट सरकावी तशी त्यांची लाट वर, गळ्याकडे सरकते. त्यांच्यावर कफाचा पातळ थर असतो, त्यात धूळ, परागकण, जंतू चिकटतात आणि ही मिरवणूक सावकाश घशापर्यंत येते. आपण नकळत आवंढा गिळतो. दिवसरात्र, झोपेतसुद्धा हे चालू असतं. आत्ता वाचतानाही.

दमा म्हणजे या झाडाचं अतिसंवेदनशील असणं. आतलं अस्तर कायम थोडं सुजलेलं, लाल, आणि स्नायूंचे कडे जरा काही झालं की आवळायला टपलेले. थंड हवा, मांजर, फोडणीचा ठसका, उदबत्ती, दिवाळीचे फटाके, काहीही चालतं. आणि नळी थोडीशीच आकसली तरी दमेकऱ्याची अवस्था एवढी का होते, याचं उत्तर गणितात आहे. फ्रेंच वैद्य प्वाझॉय यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलं की नळीतल्या संथ प्रवाहाला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. 'दम कोंडतो' या आपल्या शब्दांत हे सगळं गणित आहे.

आता अशा छातीत माणूस रोज दहा-वीस वेळा धूर भरतो. तो वेडा नसतो. बऱ्याच पाश्चात्त्य देशांत दमेकऱ्यांमध्ये धूम्रपान करणाऱ्यांचं प्रमाण साधारण इतरांइतकंच आढळलं आहे. निकोटिन झुरक्यानंतर १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचतं; त्या वेगापुढे शहाणपण तोकडं पडतं. धुराने केस मंदावतात, पुढे झडतात. कफ बनवणाऱ्या पेशी वाढतात. कचरा वाढला आणि झाडूवाले संपावर गेले, अशी गत. हे ऐकून माहीत असतं. पण मला खरं आश्चर्य वाटलं ते पुढच्या गोष्टीचं, कारण ती रोज पंप वापरणाऱ्या कितीतरी जणांना कुणी सांगितलेली नसते.

दम्याचा पाया असलेलं औषध म्हणजे श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, तपकिरी किंवा नारिंगी पंपातलं. धूम्रपान करणाऱ्या दमेकऱ्यावर ते नीट चालत नाही. माणूस औषध नेमाने घेतो, तंत्रही बरोबर असतं, तरी सूज उतरत नाही. ग्लासगोमधल्या संशोधकांनी २००० नंतरच्या वर्षांत हे पुन्हा पुन्हा मोजून दाखवलं. कारण लंडनच्या पीटर बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीच्या आत, पार जनुकांपाशी जाऊन शोधलं.

पेशीत डीएनएचा धागा रिळांवर गुंडाळलेला असतो. एखादं जनुक वाचायचं तर तिथला धागा रिळावरून सैल करावा लागतो. दम्यात सूज आणणाऱ्या जनुकांचे धागे सैल सुटलेले असतात, म्हणून सूज आणणाऱ्या प्रथिनांचं उत्पादन थांबत नाही. स्टेरॉइड पेशीच्या गाभ्यात शिरतं आणि एका कारागिराला हाक मारतं. त्याचं नाव एचडॅक-२. हा कारागीर येऊन सुटलेला धागा पुन्हा रिळावर घट्ट करतो. जनुक वाचता येत नाही, सूज उतरते. म्हणजे स्टेरॉइड हा मुकादम, काम करणारे हात एचडॅक-२ चे. आणि सिगारेटच्या धुरातले उग्र ऑक्सिडीकारक पदार्थ नेमके त्या हातांना जायबंदी करतात. मुकादम हाका मारतोय, कारागीर उठू शकत नाही. रोज सकाळी पंपाचे दोन झोत घेऊन वर सिगारेट पेटवणारा माणूस स्वतःच्याच औषधाला आतून कुलूप लावत असतो.

आणि हे कुलूप उघडतं का? ग्लासगोतल्याच एका अभ्यासात, २००६ साली, दमेकरी धूम्रपान करणाऱ्यांतल्या १० जणांनी सहा आठवडे सिगारेट पूर्ण सोडली. जे ओढत राहिले त्यांच्याशी तुलना केली तेव्हा एका सेकंदात जोरात फुंकून बाहेर टाकता येणाऱ्या हवेत सरासरी ४०७ मिलिलिटरचा फरक पडला होता. दोन कटिंग चहाचे पेले भरतील त्याहून कितीतरी जास्त हवा, एका सेकंदात, सहा आठवड्यांत. माणसं थोडी होती, त्यामुळे आकडा बराच इकडेतिकडे होऊ शकतो. पण दिशा स्वच्छ आहे.

धुराची आणखी एक करामत यकृतात चालते, आणि ती महाराष्ट्रातल्या दमेकऱ्याच्या अगदी जवळची आहे. डेरिफिलीन ही गोळी आपल्याकडे कितीक घरांत वर्षानुवर्षं आहे. 'दम लागला की डेरिफिलीन' हे वाक्य मी तरी लहानपणापासून ऐकत आलोय. तिच्यात थिओफिलीन असतं. चहाच्या पानात ते जर्मन शास्त्रज्ञ कोसेल यांना १८८८ साली सापडलं आणि नावही चहावरूनच पडलं. त्याचं सख्खं भावंड म्हणजे कॅफीन; लंडनचे डॉक्टर हेन्री हाइड सॉल्टर, स्वतः दमेकरी, १८६० च्या सुमारास दम्यावर कडक काळी कॉफी प्यायला सांगत, ते उगाच नव्हे.

या दोन्ही भावंडांना यकृतातलं एकच एन्झाइम मोडून काढतं. धुरातली काही रसायनं त्या एन्झाइमचं उत्पादन भरमसाट वाढवतात. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात थिओफिलीन टिकतच नाही. त्याला इतरांपेक्षा बरीच मोठी मात्रा लागते. मग एक दिवस तो सिगारेट सोडतो. एन्झाइम ओसरू लागतं, गोळी तेवढीच चालू असते, रक्तातलं औषध चढत जातं. १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोजलं गेलं: सिगारेट सोडल्यावर एका आठवड्यात थिओफिलीन शरीराबाहेर पडण्याचा वेग सुमारे ३८ टक्क्यांनी उतरला. मळमळ, छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. फार वाढलं तर झटकेसुद्धा. माणसाला वाटतं, सिगारेट सोडली म्हणून असं होतंय, आणि तो पुन्हा पेटवतो. प्रत्यक्षात सोडल्याची बातमी डॉक्टरांना देऊन गोळीची मात्रा कमी करून घ्यायची असते.

त्याच अभ्यासात काहींना निकोटिनचं च्युइंगम दिलं होतं, आणि त्यांच्यातही औषधाचा वेग तसाच उतरला. म्हणजे एन्झाइम वाढवणारं निकोटिन नव्हतंच. तो धुराचा उद्योग होता. त्यामुळे सिगारेटवरून पूर्णपणे व्हेपवर गेलेल्यालाही हीच काळजी घ्यावी लागते, जरी त्याच्या मनात 'मी अजून ओढतोच आहे' असं असलं तरी. यकृताच्या लेखी तो सुटलेला असतो. चहाचंही तसंच. सिगारेट सुटल्यावर तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तातलं कॅफीन दुपटीच्या आसपास जातं. सिगारेट सोडल्यावर जीव कासावीस होतो म्हणून माणूस चहा वाढवतो आणि कासाविशी आणखी वाढते. पहिले काही आठवडे कप निम्मा करावा, हा सल्ला इतका साधा आहे की तो कुणी देत नाही.

आता मूळ प्रश्न. दमेकऱ्याने धुराच्या जागी धुकं घेतलं तर झाडाचं काय होतं?

इटलीत सिसिली बेटावरच्या कटानिया शहरात २०१४ साली १८ दमेकऱ्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. हे सगळे सिगारेटवरून व्हेपकडे वळलेले, काहींची सिगारेट पूर्ण सुटलेली, काहींची कमी झालेली. वर्षभरात त्यांची फुंकण्याची ताकद सुधारली, दमा जास्त आटोक्यात आला, आणि नळ्यांचा चिडखोरपणाही कमी झाला. वाचून आनंद होतो. पण १८ माणसं म्हणजे एसटीच्या निम्म्या गाडीतली माणसं, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दुसऱ्या बाजूला ग्रीसमधले संशोधक २०१८ मध्ये वेगळं मोजत होते: धूम्रपान करणाऱ्या निरोगी आणि सौम्य दमेकरी तरुणांना व्हेपचे फक्त दहा झुरके दिल्यावर लगेच काय होतं? दोघांच्याही नळ्यांत अडथळा वाढला, पण दमेकऱ्यांत तो जास्त होता आणि जास्त वेळ टिकला.

हे दोन निष्कर्ष मला एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. पहिला विचारतो, धुराच्या तुलनेत कसं? दुसरा विचारतो, स्वच्छ हवेच्या तुलनेत कसं? धुरातून धुक्यात आलेल्याला बरं वाटतं. हवेतून धुक्यात गेलेल्याची छाती आवळते. वीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्या पन्नाशीच्या दमेकऱ्याला जे पाऊल वर चढवतं, तेच पाऊल कधी सिगारेट न ओढलेल्या सतरा वर्षांच्या दमेकरी पोराला खाली नेतं. व्हेपबद्दलची बहुतेक भांडणं हे दोघे एकच आहेत असं धरून चालतात, म्हणून ती संपत नाहीत. त्या पोराच्या बाबतीत माझ्या मनात तसूभर शंका नाही. त्याच्या हातात व्हेप देणं हा गुन्हा आहे, कायद्याचा नसला तिथेही.

धुक्यातल्या सुवासांबद्दलही बोललं पाहिजे, कारण दमेकऱ्याला बहुधा तेच भोवतात. दालचिनी आपण मसाल्यात घालतो, काढ्यात घालतो. पोटात ती निरुपद्रवी. पण दालचिनीचा वास देणारं सिनॅमाल्डिहाइड श्वासनलिकेच्या पेशींवर सोडलं की त्या केसांची हालचाल थंडावते, असं उत्तर कॅरोलिनातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. लोण्याचा वास देणारं डायअॅसिटिल हे त्याहून भयंकर. ते खायला चालतं, पण मिझुरी राज्यातल्या पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ श्वासात गेलेल्या कामगारांच्या बारीक नळ्या कायमच्या बुजल्या. 'खाद्य दर्जाचा सुवास' हे शब्द बाटलीवर वाचले की मला हे कामगार आठवतात. जठर आणि फुप्फुस ही दोन वेगळी राज्यं आहेत. आणि वात कोरडी पडली की समईत जसा करपट धूर होतो, तसंच व्हेपमध्येही होतं: द्रव संपत आला, तार जास्त तापली की ग्लिसरीन मोडून ॲक्रोलिन बनतं, तेच जे सिगारेटच्या धुरात होतं. जळका वास आला की ते यंत्र बाजूला ठेवायचं.

२०१९ मध्ये अमेरिकेत तर व्हेपने फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य आरोपी ठरलं ते गांजाच्या अर्काच्या, बहुतांशी चोरट्या बाजारातल्या कुप्यांत मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. आत काय आहे हे तपासणारं कुणी नसलं की काय होतं, त्याचा तो पुरावा.

ही तपासणी ब्रिटनमध्ये आहे, म्हणून तिथलं चित्र वेगळं दिसतं. द्रवात मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमहून जास्त निकोटिन चालत नाही, डायअॅसिटिलला बंदी आहे, आणि एकदा वापरून फेकायच्या व्हेपही १ जून २०२५ पासून बंद झाल्या. लेस्टर, जिथे आपल्याकडून गेलेली किती कुटुंबं राहतात, तिथल्या धूम्रपानमुक्ती सेवेने २०१४ मध्येच व्हेप घेऊन येणाऱ्यांना दार उघडलं. २०२३ मध्ये सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचा संच देण्याची योजना जाहीर केली. यामागे आधार आहे. ८८६ जणांवरच्या तिथल्या एका चाचणीत वर्षअखेर व्हेप घेतलेल्यांपैकी १८ टक्के सिगारेटमुक्त होते, तर च्युइंगम, पट्ट्या वगैरे घेतलेल्यांपैकी ९.९ टक्के. व्हेपवाल्यांचा खोकला आणि कफही जास्त उतरला होता. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा मला जास्त विचार करायला लावतो: व्हेपच्या मदतीने सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढत होते. च्युइंगम-पट्टीवाल्यांत असे ९ टक्के. पूल ओलांडायचा असतो. इथे बहुतेकांनी पुलावरच बिऱ्हाड थाटलं. त्यात अर्धवट सोडणारे आणखी अडकतात. दिवसा ऑफिसात व्हेप आणि रात्री गच्चीवर सिगारेट, असं चाललं तर एचडॅक-२ चे हात बांधलेलेच राहतात.

आपल्याकडे हा पूलच नाही. १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि मग त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद झालं. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी पानटपरीच्या मागून, कॉलेजच्या कट्ट्यावर रंगीत कुप्या मिळतात. लेस्टरच्या परिचारिकेने हातात दिलेली व्हेप आणि नाशिकच्या कट्ट्यावर कागदात गुंडाळून मिळालेली व्हेप यांचं नाव तेवढं एक आहे. दुसरीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. दमेकऱ्याने ती छातीत भरू नये, एवढं मी जोर देऊन सांगेन.

आणि आपला खरा धूर बऱ्याच ठिकाणी सिगारेटचा नसून विडीचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले ७.७ टक्के प्रौढ विडी ओढत होते, सिगारेट ४ टक्के. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके लवकर लवकर आणि खोल घ्यावे लागतात. इतक्याशा विडीत तंबाखू कमी म्हणून ती हलकी, हा समज छातीला फार महागात पडतो.

गाडी बदलण्याची सोय मात्र इथेही आहे, आणि ती फुप्फुसाला पूर्ण वगळून जाते. निकोटिनचं २ मिलिग्रॅमचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं. ते सुपारीसारखं चघळून रस गिळायचा नसतो; थोडं चावायचं, तोंडात चुरचुर सुरू झाली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. शिवाय कातडीवर लावायच्या पट्ट्या आहेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्या आहेत, आणि १८००-११-२३५६ या बिनपैशाच्या क्रमांकावर बोलायला माणूस आहे.

मग धूर थांबतो. एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. काही आठवड्यांत अस्तरावरचे केस पुन्हा उगवू लागतात, हलू लागतात. आणि नेमका तेव्हाच कित्येकांचा खोकला वाढतो. पहाटे उबळ येते, काळपट, तपकिरी बेडका पडतो. दमेकरी घाबरतो, सिगारेट होती तेव्हा बरं होतं, असंही म्हणतो. पंपाने न थांबणारी धाप किंवा घरघर असेल तर डॉक्टरांकडे धावायलाच हवं. पण ती नसेल, नुसता खोकला असेल, तर वर्षानुवर्षं साचलेला माल घेऊन ती गव्हाच्या शेतासारखी लाट पुन्हा वर निघालेली असते, सेकंदाला दहा-पंधरा हेलकावे देत, माणूस झोपेत असताना.